शंभराला छप्पन

३ नोव्हेंबर

तीर्थरूप मामा,

नमस्कार. पत्र लिहायला महिना लागला, रागावू नका. सकाळी सातला पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला उभी राहते ती तीनला सुटते. घरी येऊन आईचं बघते आणि सहाला प्रौढांच्या रसायनाच्या वर्गाला जाऊन बसते. परीक्षा पास झाले तर बाटल्या धुण्याऐवजी पाणी तपासायला बसवतील म्हणतात. तोवर उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची विद्या मात्र शिकून झाली आहे.

परवा मास्तरांनी गणित घातलं : शंभर किलो चुनखडी भट्टीत पूर्ण भाजली तर चुना किती किलो मिळेल? मी सगळ्यांच्या आधी हात वर करून सांगितलं, शंभर किलो. घातलं तेवढं निघणार, जातंय कुठे? वर्गात एक रंगारी आहेत, ते म्हणाले, "बाईंच्या घरी दूधसुद्धा उतू जात नाही वाटतं." सगळे हसले. भट्टीवाल्याची पोर मी, आणि हे उत्तर! म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही एकतीस वर्षं त्या भट्टीवर काढली आहेत. खरं किती निघतं?

आता दुसरं. ते लिहायचं म्हणूनच खरं तर बसले. आईचं हृदय थकलंय. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, गोळ्या मात्र वाढवत जातात. ती दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून असते आणि मधेच म्हणते, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडतो म्हणाला होता." बाबांबद्दलच. एकोणीस वर्षं झाली तरी तिच्या मनातून ते जात नाही. मेले त्याचं दुःख तिला पचलं, पण दारू सोडायची शपथ मोडून मेले हे पचलेलं नाही.

त्या दिवशी भट्टीखालच्या खोलीत पहिले तुम्ही गेलात. आई तुम्हाला कधी विचारणार नाही. मी विचारते. बाबा खरंच प्यायले होते का?

चुन्याचं नंतर सांगितलंत तरी चालेल.

तुमची बारकी


१४ नोव्हेंबर

चि. बारके,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा मी तुझ्या मामीला उठवून बसवत होतो. कंबरेचं हाड सांधलंय, पण अजून भिंतीला धरून चार पावलंच. तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. म्हणाली, "भाचीला रसायन शिकवणार? घरात चहा किती उकळायचा ते चाळीस वर्षांत कळलं नाही."

तर चुन्याचं. मी चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण काट्यावर विश्वास ठेवायला शाळा लागत नाही. भट्टीवर लागलो तेव्हा तिथला म्हातारा मिस्त्री सांगायचा, निम्म्याहून थोडा जास्त निघतो. थोडा म्हणजे किती, हे मला झोपू देईना. चार महिने मी दगड मोजून घातला आणि चुना मोजून काढला. वहीच्या वही भरली. चांगला कोरडा दगड, नीट भाजलेला, राख झटकलेली, तर शंभराला छप्पन. कधी सत्तावन्न निघाला तर समजायचं आत कच्चा राहिला आहे. चौपन्न निघाला तर दगड पावसात भिजलेला होता. पण मुळात छप्पन. मी कुणाला विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

बाकीचं चव्वेचाळीस म्हणजे दगडातली ओल. दगड दिसायला कोरडा दिसतो, पण माणसासारखंच त्याचंही आतलं दिसत नाही. मिस्त्री त्याला भट्टीचा घास म्हणायचा. एवढं काम करते, मग खायला नको का तिला?

तुझ्या वडलांचं. पोरी, गेल्या गोष्टी उकरून हाती मातीच लागते. पण तू विचारलंस म्हणून एवढं सांगतो. ती खालची खोली भट्टीच्या पोटाला लागून, अर्धी जमिनीत. थंडीत उबेला सगळे तिथे जाऊन बसायचे. भट्टीच्या धुराचा कोंडमारा होतो हे मला माहीत होतं, म्हणून मीच तिथे एक पद्धत घालून दिली होती. भिंतीत खिळा मारून कंदील टांगायचा आणि दिवस-रात्र पेटता ठेवायचा. दिवा जळतोय तोवर हवा बरी. दिवा मिणमिणला की बाहेर पळायचं. बारा वर्षं त्या खिळ्यानं आमची राखण केली. दोनदा दिवा मंदावला, दोन्ही वेळा सगळे सुखरूप बाहेर.

त्या दुपारी मी आत गेलो तेव्हा दिवा सरळ जळत होता. चौकशीला साहेब आले त्यांनाही मी तेच सांगितलं. हवेत दोष नव्हता. खोलीत स्पिरिटचा वास होता, मेहुण्यांचा चेहरा लालबुंद होता. त्यांची जुनी सवय सगळ्यांना ठाऊक होती. मी दारूचं नाव काढलं नाही. ते लिहिणाऱ्यांनी लिहिलं. पण दुसरं काय असणार होतं?

तुझ्या आईला सांग, सोडून दे म्हणावं आता.

तुझा मामा


२३ नोव्हेंबर

तीर्थरूप मामा,

तुमचं छप्पन मी वर्गात सांगितलं. मास्तरांनी फळ्यावर छप्पन लिहून खाली रेघ मारली. म्हणाले, कागदावर जे निघतं तेच तुमच्या मामांनी काट्यावर काढलं. रंगारी म्हणाले, आता मामांनाच वर्गाला बोलवा.

पण मामा, चव्वेचाळीस म्हणजे ओल नव्हे. मास्तरांनी समजावलं तसं तुम्हाला समजावते. तुमच्या तागडीचीच गोष्ट आहे. एका पारड्यात भट्टीत गेलेलं, दुसऱ्यात भट्टीतून निघालेलं, आणि काटा मधोमध राहिला पाहिजे. ह्याला संतुलित समीकरण म्हणतात. चुनखडीच्या एका कणात कॅल्शियम एक, त्याचं वजन चाळीस. कार्बन एक, त्याचं बारा. ऑक्सिजन तीन, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. बेरीज शंभर. भाजल्यावर चुन्यात उरतं काय? कॅल्शियम आणि एकच ऑक्सिजन. चाळीस आणि सोळा, छप्पन. तुमचं छप्पन. मग कार्बन आणि उरलेले दोन ऑक्सिजन गेले कुठे? ते हात धरून निघून जातात. बारा आणि बत्तीस, चव्वेचाळीस. कार्बन डायऑक्साइड. सोडावॉटरच्या बाटलीत भरतात तोच वायू. शंभर किलो दगडातून चव्वेचाळीस किलो वायू, रोज, तुमच्या डोळ्यांसमोर, आणि दिसत नाही म्हणून कुणी तो तोलला नाही.

पाणी तापून उडतं तसं हे नव्हे. मास्तर म्हणाले, हा वायू हवेपेक्षा जड असतो. थंड झाला की पाण्यासारखा सखल जागी उतरतो आणि तिथे पसरून राहतो. विहिरीत, तळघरात.

मला हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण विचारते. तो खिळा तुम्ही किती उंचीवर मारला होता?

आईला काल थोडं बरं होतं. पेज प्यायली.

तुमची बारकी


१५ डिसेंबर

तीर्थरूप मामा,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. मामींना बरं नाही का? की माझा राग आला? आला असेल तर तसं लिहा. न लिहिण्यापेक्षा शिव्या बऱ्या.

आईला आता उशा लावून बसवावं लागतं. आडवं झालं की दम लागतो. मला बोलायचं आहे ते आता लांबवता येणार नाही.

मी हिशोब केला. मला ती खोली आठवते, मामा. आठ वर्षांची होते. कधीकधी बाबांचा डबा घेऊन यायची तेव्हा पायऱ्या उतरून आत गेलं की पायाखालची जमीन गरम लागायची. लांबी बारा फूट, रुंदी दहा धरली. तिथे गुडघ्याएवढा, म्हणजे दीड फूट, हा वायू साचायला साधारण सव्वानऊ किलो लागतो. तुम्ही रोज पाच टन दगड भाजत होता. त्यातून निघायचा बावीसशे किलो.

मग उलट गणित केलं. सव्वानऊ किलो वायू यायला दगड किती भाजला पाहिजे? एकवीस किलो. मामा, दोन घमेली.

मास्तरांना दाखवलं. ते म्हणाले, आकडे बरोबर आहेत, पण आकडे एवढंच सांगतात की वायू तयार झाला. तो धुराड्याच्या वाटेनं वर गेला की खाली त्या खोलीत उतरला, हे गणित सांगू शकत नाही. ते तिथला माणूसच सांगेल.

तिथला माणूस तुम्ही आहात.

बारकी


२४ डिसेंबर

चि. बारके,

राग आला होता. खोटं कशाला बोलू. एकतीस वर्षं भट्टीपुढे घाम गाळलेल्या माणसाला काल जन्मलेली पोर खिळ्याची उंची विचारते, असं वाटलं. तुझं पत्र घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. तुझ्या मामीला रोज तो डबा दिसतो. चौथ्या दिवशी म्हणाली, "तिनं काय विचारलंय ते मला माहीत नाही, पण उत्तर तुम्हाला माहीत आहे हे तोंडावरून दिसतंय. झोपा तरी नीट, नाहीतर जाऊन बघून या."

शेजारणीला तिच्यापाशी बसवलं आणि गेलो. दोन बस बदलल्या. गुडघे कुरकुर करतात, त्यांना म्हटलं, चला, आपलंच काम आहे. भट्टी सहा वर्षांपूर्वी बंद झाली. वरच्या तोंडात झुडपं उगवली आहेत. खालच्या खोलीचं दार कुणी काढून नेलंय. खिळा तसाच आहे, गंजून लाल झालेला. टेप घेऊन गेलो होतो. जमिनीपासून पाच फूट दोन इंच. बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. मी उभा राहून मारला, उभ्यानं बघता यावा म्हणून. झोपलेल्या माणसाचं नाक जमिनीपासून वीतभर वर असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आम्ही बसायचो ते लाकडी खोक्यांवर. तिथे आडवा कुणी होत नसे, वेळच नसायचा. तेवढ्यामुळे बारा वर्षं निभावलं, खिळ्यामुळे नव्हे.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो तू नीट शब्दांत विचारला नाहीस. होय, त्या दिवशी वायू खाली उतरला असणार. पाऊस येईलसं आभाळ होतं, म्हणून भट्टीचं वरचं तोंड अर्ध्याहून जास्त पत्र्यांनी झाकलं होतं. सकाळीच ओला बारीक दगड चढवला होता, त्यानं धुराची वरची ओढ मंदावली होती. वारा मुळीच नव्हता. थंडी होती. वर जायला वाट नाही म्हटल्यावर चुना काढायच्या खालच्या तोंडातून तो बाहेर पडला, आणि खालच्या तोंडाला लागून ती खोली. हे सगळं मला त्या दिवशीही माहीत होतं. वेगवेगळं माहीत होतं.

आणखी एक, जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. त्यांना उचलायला मी वाकलो तेव्हा माझ्या नाकात झिणझिण्या आल्या, डोकं गरगरलं. सोडावॉटरचा घोट नाकात गेल्यावर होतं तसं. मला वाटलं स्पिरिटचा वास. ते स्पिरिट म्हणजे गुडघ्याला चोळायचं औषध होतं. बाटली त्यांच्या खिशात होती, बूच सैल झालेलं. मीच दिली होती त्यांना. चौकशीच्या साहेबांनी बाटली हुंगली आणि मान डोलावली. मी म्हणायला हवं होतं की ही चोळायची बाटली आहे. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही मनात म्हटलं, दिवा तर जळत होता, हवा चांगली होती, मग औषधाबरोबर आणखी काही प्यायले असतील. माझ्या खिळ्यावर माझा एवढा विश्वास.

तुझे वडील प्यायले नव्हते, बारके. मी खोटं बोललो नाही, पण माझ्या खऱ्या बोलण्यानंच त्यांच्यावर शिक्का बसला.

एक विनवणी आहे. तुझ्या आईला आत्ता हे सांगू नकोस. तिचं हृदय थकलंय असं तूच लिहितेस. एवढं ओझं तिला झेपायचं नाही. मामी चालायला लागली की मी स्वतः येईन, तिच्यापुढे बसेन, मग तिला काय बोलायचं ते बोलू दे.

तुझा मामा


३० डिसेंबर

तीर्थरूप मामा,

तुमचं पत्र आलं तेव्हा आई जागी होती. माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या पानाशी मला पुढचं वाचवेना. ती म्हणाली, "मोठ्यानं वाच." मी म्हटलं, मामींच्या कंबरेबद्दल आहे. ती म्हणाली, "कंबरेला कुणी असं रडत नाही."

वाचलं. तुमची विनवणीसुद्धा वाचली, थांबता आलं नाही. ती रडलीही नाही. उशी सारखी करायला सांगितली आणि खिडकीकडे बघत राहिली. संध्याकाळी कागद मागितला. सोबत जोडला आहे. तू सांग, मी लिहून घेते म्हटलं तर ऐकलं नाही. दोन दिवस थोडं थोडं लिहीत होती.

बारकी


दादा,

अक्षर वाकडं आहे, लावून घे. पोरीचा दोष नाही, मी वाचायला लावलं.

मला झेपणार नाही हे तू ठरवायचं नाहीस. लहानपणी मला झाडावर चढू द्यायचा नाहीस तेव्हाही तू असंच ठरवायचास.

माफ केलं का असं मनात असेल तुझ्या. ते नंतर बघू, मला दम लागतो. एकोणीस वर्षं मी त्या माणसाशी भांडते आहे. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, पोरीला ताप आला की. एकदाही उलट उत्तर आलं नाही, त्याचाही राग यायचा. आता कळलं की भांडण चुकीच्या माणसाशी चाललं होतं. तुझ्याशी भांडावं तर अंगात त्राण नाही. भाग्यवान आहेस.

एक मागते. पिऊन मेलेल्या माणसाची शेवटची दुपार घरच्यांना कुणी सांगत नाही. लाजेनं कुणी सांगितली नाही आणि लाजेनं मी विचारली नाही. सकाळी सातला डबा हातात दिला, त्यानंतरचं मला काहीच माहीत नाही. काय बोलत होते? जेवले का? डब्यात मीठ कमी पडलं होतं, ते मला नंतर आठवलं.

यायची वाट बघू नकोस, पत्रात लिही. वहिनी बरी व्हायला वेळ लागेल आणि मला तेवढा आहे की नाही कुणास ठाऊक. समजुतीच्या गोष्टी लिहू नकोस. झालं तेवढंच लिही.

धाकटी


४ जानेवारी

धाकटे,

पत्र आज दुपारी मिळालं, लगेच बसलो आहे. जे आठवतं ते सगळं लिहितो. ह्यात काही घालत नाही आणि काही गाळतही नाही.

सकाळपासून मेहुणे माझ्याबरोबर वरच्या तोंडाशी होते. पत्रे आम्ही दोघांनी ओढले. त्यांचा एक हातमोजा फाटला होता, म्हणून ते डावा हात खिशात घालून उजव्यानंच ओढत होते आणि मी त्यावरून त्यांना संस्थानिक म्हणत होतो. बारा वाजता चहा झाला. तेव्हा त्यांनी तुझा विषय काढला. म्हणाले, दादा, स्वयंपाकघरातली वरची फळी वीतभर खाली घ्यायची आहे, ती रोज स्टुलावर चढते आणि एक दिवस पडेल. खोक्याची एक चांगली फळी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. माझ्याकडे चार स्क्रू मागितले. मी म्हटलं, उद्या देतो. ते म्हणाले, तुमचा उद्या माहीत आहे मला, आज संध्याकाळीच घेऊन जाईन.

जेवले. पोटभर जेवले. मीठ कमी होतं, ते त्यांच्या लक्षात आलं होतं. माझ्या डब्यातलं लोणचं उचललं आणि म्हणाले, "घरी सांगू नका, नाहीतर उद्या दुप्पट मीठ पडेल." पोरीनं पाढे म्हणताना सातवरून एकदम अकरावर उडी मारली, ते सांगून हसले. डबा स्वतः धुतला. तो मीच नंतर तुझ्याकडे पाठवला होता. धुतलेला होता, तुझ्या लक्षात आलं असेल किंवा नसेल.

अडीच वाजता म्हणाले, गुडघा फार ठणकतोय. मी औषधाची बाटली दिली. वरच एका खोक्यावर बसून त्यांनी ते चोळलं. चालताना लंगडत होते. रात्रीची पाळी करून घरी आले आणि डबा घेऊन लगेच दिवसाच्या पाळीला परत आले होते, कारण बदलीचा माणूस आला नव्हता. हे तुला माहीत आहे. डोळे लाल झाले होते. म्हणाले, अर्धा तास खाली उबेला आडवा होतो. तिथे कुणी आडवं होत नसे, पण मी हो म्हटलं. म्हणाले, "तीनला हाक मारा, दादा. विसरू नका."

विसरलो नाही. तीनला पाच कमी होते तेव्हाच पायऱ्या उतरलो. दारातून बघितलं, दिवा सरळ जळत होता. ते कुशीवर होते, हात उशाला घेतलेला, पाय गोळा केलेले. मी हाक मारली. हलले नाहीत. एरवीही पहिल्या हाकेला ते कधी उठायचे नाहीत, झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचे. आजवर मी सगळ्यांना सांगितलं की मी आत गेलो आणि लगेच त्यांना उचललं. तसं झालं नाही. दारातच उभा होतो मी. दुसरी हाक ओठांवर आली होती.

दमले होते ते, धाकटे. म्हणून मी दुसरी हाक मारली नाही, आणि आणखी पाच मिनिटं त्यांना झोपू दिलं.

दादा